गाडीत काही दोष नाही, मॅडम

आमच्या मराठवाड्यात मिस्त्रीची किंमत हातावर नाही, कानावर ठरते. गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात गाडी उभी करतं, इंजिन चालूच ठेवतं, खाली उतरून कमरेवर हात ठेवतं आणि म्हणतं, "मिस्त्री, बगा बरं काय झालंय." बघा म्हणायचं, पण बॉनेट उघडू द्यायचं नाही. चहाचा कप हातात धरून, मान जराशी तिरकी करून, आवाजावरूनच सांगितलं पाहिजे. जो सांगतो तो वस्ताद. जो म्हणतो, "ठेवून जा, उद्या तपासून सांगतो," त्याला बिचाऱ्याला काही येत नाही असं धरून तीच गाडी संध्याकाळी पुढच्या चौकातल्या गॅरेजात उभी दिसते.

मी छत्तीस वर्षं हे काम केलं. मूळचा मी मुरुडचा, काम शिकलो लातुरात आणि गॅरेज टाकलं नांदेडला, मुदखेड रोडवर, एका डिझेल-पेट्रोलच्या पंपाला लागून. आता गॅरेज पुतण्या बघतो. मी दारातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसतो आणि कुणी विचारो न विचारो, सल्ले देतो. "दिवाळी अंकासाठी तुमच्या कामातले चार किस्से लिहा," असा निरोप आला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं, लगेच फर्मान काढलं, "तीन फुशारकीचे लिहा खुशाल, पण चौथा प्रल्हादचा लिहायचा." मी फुशारकीचा एकच लिहितो. प्रल्हादला जागा लागेल.

लातुरात माझे वस्ताद होते रहीमचाचा. गंजगोलाईपासून थोडं आत त्यांचं पत्र्याचं शेड होतं. त्यांचाही कान तयार होता. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली, की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचे. पण कानावर विसंबून त्यांनी कधी नट ढिला केला नाही. नवीन माणूस पाना घेऊन गाडीकडं धावला, की ते त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचे. "पैले पूछ, फिर देख, आखिर में पाना उठा," म्हणायचे. विचारायचं ते गाडी चालवणाऱ्याला. मालकाला नाही, चालवणाऱ्याला. "मालक गाडी में बैठता, डायवर गाडी के साथ रहता," हे त्यांचं दुसरं वाक्य. ही दोन वाक्यं मी आयुष्यभर इतरांना ऐकवत आलो.

आता फुशारकी. मुरुडचे आमचे शाळेतले गुरुजी रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं एक जुनी कार घेतली. ती गाडी एक दिवस सुरू व्हायची, दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली की नुसतं 'टक' करून गप्प. पहिल्या मिस्त्रीनं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं स्टार्टर. तिसऱ्यानं बॅटरी चार्ज करणारं आल्टरनेटर बदललं आणि वर "गाडीच पनवती हाय गुरुजी, काढून टाका" असा सल्ला फुकट दिला. गुरुजी ती गाडी ट्रॅक्टरला बांधून लातूरमार्गे माझ्याकडं नांदेडला घेऊन आले, यावरून त्यांचा माझ्यावर किती जीव होता ते कळेल. मी आधी चहा मागवला आणि विचारलं, "गुरुजी, हे कधीपासून?" गुरुजी म्हणाले, "दिवाळीपासून." "दिवाळीत गाडीला काय केलं होतं?" तर पुढचा पत्रा चेपला होता म्हणून डेंटिंग-पेंटिंग केलं होतं.

बॅटरीला दोन जाड तारा असतात. एक स्टार्टरकडं जाते आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. गेलेला करंट परत येण्याची ती वाट. पेंटरनं बोल्ट काढला, पत्रा रंगवला आणि ओल्या-सुक्या रंगावरच तार परत आवळली. मधे रंगाचा थर, खाली गंज. कधी टेकायची, कधी नाही. मी मीटर लावून खात्री केली, पॉलिश पेपरनं रंग खरवडला, बोल्ट आवळला आणि गुरुजींना किल्ली फिरवायला सांगितली. गाडी सुरू झाली. गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. "एवढंच होतं?" म्हणाले. मोठा रोग निघाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण नंतर मुरुडात त्यांनी माझी इतकी तारीफ केली, की वर्षभर तिकडून गाड्या येत होत्या.

ही गोष्ट मी निदान दोनशे लोकांना सांगितली असेल. अंदाजानं तिघांनी तीन वस्तू बदलल्या आणि मी एक प्रश्न विचारला, अशी ती रंगवून सांगायचो. ऐकणारे माना डोलवायचे. आणि त्याच काळात माझ्या गॅरेजात, खिडकीच्या फळीवर, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्याबद्दल आता सांगतो.

इंजिनात पाणी फिरत असतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते इंजिनाची आग घेतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत येतं. या वाटेवर मुठीत मावेल एवढी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असतं तेव्हा ती बंद राहते आणि पाणी जाळीकडं जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पुरेसं गरम झालं की ती आपोआप उघडते. माणसाला ताप आला तर तो आजारी. इंजिनाचं उलट आहे, त्याला ठरावीक ताप नसला तर ते आजारी.

आता आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला तर फोड येतो. त्यात गाडी तापणं हे रोजचं दुखणं. मग लातूरपासून देगलूरपर्यंत सगळ्या मिस्त्र्यांनी मिळून, कुठलीही सभा न भरवता, एक ठराव पास केला होता. थर्मोस्टॅट ही थंड मुलखातल्या लोकांची भानगड आहे, आपल्याकडं तिचं काही काम नाही. गाडी तापली, की काढा तो आणि फेका. पाणी सारखं फिरत राहतं, गाडी गार. गिऱ्हाईक खूश. मी ते फेकत नव्हतो, त्या डब्यात टाकायचो. डबा खुळखुळ वाजवून गिऱ्हाइकाला म्हणायचो, "बघा, एवढ्या गाड्या गार केल्यात." रहीमचाचा असते तर डबा त्यांनी माझ्या डोक्यावर ओतला असता.

प्रल्हाद सोनकांबळे हा एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबच्या गाडीवर ड्रायव्हर होता. लॅबच्या मालकीण बिराजदार मॅडम, स्वतः डॉक्टर. गाडी रोज सकाळी नांदेडहून निघायची, मुदखेड, उमरी करत नायगावला जायची आणि गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत गोळा करून दुपारी परत यायची. अकरा वर्षं प्रल्हाद या फेऱ्या करत होता. नायगावच्या अलीकडच्या एका गावचा माणूस, बोलायला कमी, चालवायला अतिशय निगुतीचा. गाडी पुसायचं फडकं आणि काच पुसायचं फडकं त्यानं कधी एक केलं नाही. आमच्या धंद्यात यावरून माणूस ओळखतात.

एका मे महिन्यात ती गाडी मुदखेडजवळ तापली. प्रल्हादनं लगेच बाजूला घेतली, थांबला, पाणी घातलं आणि सावकाश माझ्याकडं आणली. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. चहा यायच्या आत थर्मोस्टॅट डब्यात पडला. गाडी गार चालू लागली. मी बरोबर ठरलो. चुकीचा अंदाज चुकला तर माणूस शहाणा तरी होतो. माझा चुकीचा अंदाज लागू पडला, आणि गाडी का तापत होती हे शोधायचं कारणच उरलं नाही.

पावसाळ्यात गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं. थंडी पडली तसं ते उघड दिसायला लागलं. लिटरला अठरा जाणारी गाडी पंधरावर आली. रस्ता रोजचा तोच, गावं तीच, त्यामुळं मॅडमना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी गाडी माझ्याकडं पाठवली. गाडी घेऊन अर्थात प्रल्हादच आला.

त्या सकाळचं सगळं मला आठवतं. त्यानं स्वेटर घातला होता, गळ्याला मफलर. मी बॉनेट उघडलं, हवेची जाळी बदलली, इंजेक्टर साफ केले, चाकांची हवा बघितली, ब्रेक धरून राहतात का ते चाक उचलून फिरवून बघितलं, कुठं गळती आहे का तेही पाहिलं. प्रल्हाद बाजूला उभा होता. मधेच म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू का? हीटर गरम होऊन नाही राहिला. सकाळी काचेवर भाप धरते, लावला तर गारच वारं येतं."

मी गाडीखालूनच हसलो. "अरे, नांदेडात हीटर कशाला लागतोय? काश्मीरला चाललास का?" गॅरेजातले सगळे हसले. प्रल्हादही हसला आणि गप्प बसला.

तो हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो. पाणीच कोमट असेल तर हीटर गार वारा देणार. म्हणजे प्रल्हादनं रोगाचं नाव सोडून बाकी सगळं मला सांगितलं होतं. आणि गाडीच्या पोटातला संगणक, पाणी गार आहे म्हणजे इंजिन आत्ताच सुरू झालंय असं समजून, दिवसभर जास्तीचं डिझेल सोडत होता. त्या गाडीला पाण्याची उष्णता दाखवणारा काटा नव्हता, फार तापली तर लाल दिवा लागायचा एवढंच. मात्र स्कॅनर लावला असता तर आकडा समोर दिसला असता. स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून आतली खबर वाचायचं यंत्र. ते माझ्याकडं होतं. घेऊन दोन वर्षं झाली होती आणि लग्नातल्या शालूसारखं घडी घालून कपाटात ठेवलं होतं. ते बाहेर काढलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "आता मिशीन इचारून सांगनार का मिस्त्री?" आणि माझा जीव जायचा.

दुपारी मॅडमचा फोन आला. "मिस्त्री, मला गाडीतलं काही कळत नाही. मला फक्त एवढं सांगा, गाडीत दोष आहे का?"

"गाडीत काही दोष नाही, मॅडम," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला त्या 'बरं'चं वजन कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. गाडीत दोष नाही म्हणजे मग कशात, हे दोघांनाही माहीत होतं. पण "मला सापडत नाही" एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

प्रल्हादला कामावरून काढलं. मॅडमनी आरडाओरडा केला नाही, पोलिसांत गेल्या नाहीत. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाल्या. पण ड्रायव्हरच्या जातीत बातमी गाडीच्या पुढं पळते. डिझेल चोरतो असं एकदा नाव पडलं, की कुणी स्टेअरिंगला हात लावू देत नाही. प्रल्हाद दोन-तीन शाळांच्या बसवर विचारायला गेला, एका ट्रॅव्हल्सवाल्याकडं गेला. सगळ्यांनी जुन्या मालकाला फोन केला आणि नंतर कळवतो म्हणून सांगितलं. एकदा तो माझ्या गॅरेजसमोरून पायी चालला होता. थांबला. "मिस्त्री, गाडी खरंच नीट हुती का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "सगळं बघितलं बाबा मी." तो "हाव" म्हणाला आणि गेला. मी त्या दिवशी जेवलो नीट, झोपलो नीट. मनात म्हणालो, अकरा वर्षांत एखादी वेळ वाईट येते माणसावर, काही गरज पडली असेल घरी. म्हणजे मी त्याला माफसुद्धा करून टाकलं होतं!

त्याच्या जागी बालाजी नावाचा ड्रायव्हर आला. थंडी ओसरली तसं इंजिनाचं पाणी पुरेसं तापायला लागलं, गाडी परत अठराच्या जवळ गेली, आणि चोर गेला म्हणून फरक पडला असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, परत थंडी आली. आणि मॅडमचा फोन आला. आवाज थकलेला होता. "मिस्त्री, हा पण तसलाच निघाला. परत पंधरावर आलंय. माणसं अशी कशी असतात हो?"

दुपारी जेवताना मी हे सुनंदाला सांगितलं. ती भाकरी टाकत होती. हात न थांबवता म्हणाली, "दोन माणसं चोरी करतील, मी नाही कुठं म्हणते? पण दोघं सारख्याच मापानं कशाला चोरतील? पहिला चोर दुसऱ्याला माप देऊन गेला का?"

घास माझ्या हातातच राहिला. पानावरून उठलो, कपाटातून स्कॅनर काढला आणि गॅरेजला आलो.

दुसऱ्या दिवशी मी बालाजीच्या शेजारी गाडीत बसलो, मांडीवर स्कॅनर. पोरगा घाबरला होता. "मिस्त्री, मॅडमनं माझ्यावर लक्ष ठिवाया धाडलंय का? लेकराची शप्पत, एक थेंब घेतला न्हाई." मी म्हटलं, "तुझ्यावर नाही रे, माझ्यावर लक्ष ठेवायला आलोय." त्याला ते कळलं नाही. गाडी निघाली. पाण्याची उष्णता चाळीस, पन्नास, साठ झाली आणि तिथंच बसली. ऐंशी-नव्वदच्या मधे पाहिजे होती. मुदखेड आलं, साठ. उमरीच्या रस्त्यावर सत्तावन्न. मी हीटरचं बटण फिरवलं आणि जाळीपुढं हात धरला. गार वारा आला. तेव्हा मला प्रल्हाद मफलर गुंडाळून उभा दिसला, आणि मी गाडीखाली हसलो होतो तेही ऐकू आलं. मला लाज वाटली. साठीच्या माणसाला वाटावी तितकी सगळी वाटली.

परत येऊन मी तो डबा फळीवरून उतरवला. आधी रेडिएटर उघडला. आतल्या नळ्यांत पांढरा चुना बसला होता. आमच्या बोअरच्या पाण्यानं तपेल्याला बसतो तोच. तेच पाणी आम्ही सगळे वर्षानुवर्षं गाड्यांत ओतत आलो, मीसुद्धा. मे महिन्यात गाडी त्या चुन्यानं तापली होती. थर्मोस्टॅटचा बिचाऱ्याचा काहीच गुन्हा नव्हता. नवीन रेडिएटर बसवला, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं, नवीन थर्मोस्टॅट घातला. आठवडाभर गाडी फिरवली. दोन दिवस मॅडम स्वतः बसून गेल्या. गाडी अठरावर आली.

मग मी मॅडमच्या टेबलावर डब्यातला एक जुना थर्मोस्टॅट ठेवला आणि सगळं सांगितलं. मी काढला, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं ते मी ऐकलं नाही आणि सापडलं नाही तरी दोष नाही म्हणालो. मला वाटलं होतं त्या माझ्यावर भडकतील. त्यांनी तो तुकडा उचलून उलटसुलट करून बघितला. मग म्हणाल्या, "शंका आली तर आम्ही रक्त दुसऱ्यांदा तपासतो, मिस्त्री. रोज तपासतो. या माणसाचं मी एकदाही नाही तपासलं." आणि उठून म्हणाल्या, "चला नायगावला."

प्रल्हाद जिनिंगवर रोजंदारीनं कापसाच्या गठाणी उचलत होता. रविवार होता म्हणून घरी सापडला. दाराशी त्याची बायको शकुंतला उभी होती. तिनं मॅडमना ओळखलं, पण आत या म्हणाली नाही. "आता कशाला आलाव?" म्हणाली. "वरीस झालं ह्ये कुनाच्या लग्नाला जाईनात. गावातली लेकरं यास्नी डिझेल म्हणून हाका मारायलीत." मॅडमनी मान खाली घातली. प्रल्हाद आतून आला, बायकोला म्हणाला, "पाणी दे आधी," आणि आमच्यासाठी सतरंजी टाकली. खांदे वाकले होते. हातावर गठाणींच्या लोखंडी पट्ट्यांचे ओरखडे होते.

मी सगळं परत सांगितलं. मॅडमना सांगताना जितकं जड गेलं त्याच्या दुप्पट जड गेलं. माझं झाल्यावर म्हणाला, "मिस्त्री, मी हीटरचं सांगितलं हुतं का न्हाई?"

"सांगितलं होतंस."

"मंग?"

छत्तीस वर्षांत इतक्या गिऱ्हाइकांना इतकी उत्तरं दिली, काही न येणारीसुद्धा ठोकून दिली. पण त्या 'मंग'पुढं मी हात जोडले. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "प्रल्हादभाऊ, माझं चुकलं. परत या. मी गावात सगळ्यांसमोर सांगते." आणि त्यांनी खरंच सांगितलं. विहारासमोर रविवारची मंडळी बसली होती, तिथं जाऊन उभं राहून सांगितलं, की हा माणूस चोर नाही, चूक आमची होती. डॉक्टर बाई हात जोडून उभी आहे हे बघून लोक उठून उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमास्नी तं ठावंच हुतं बाई. पर ठावं असून बी कोन बोललं न्हाई, ह्ये बी खरं हाय." बालाजीला मॅडमनी काढलं नाही. लॅबनं दुसरी गाडी घेतली, ती त्याच्याकडं दिली.

प्रल्हादनं लगेच हो म्हटलं नव्हतं. सतरंजीवर बसून तो आधी हातावरचे ओरखडे चोळत राहिला. मग म्हणाला, "येतो मॅडम. गाडी चालवीन, धुवीन, पुशीन. पर डिझेल मी भरणार न्हाई. त्याला दुसरं माणूस धाडा."

"अहो, पण आता तर सगळं..."

"न्हाई मॅडम. तेवढं सोडून बोला."

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. डबा मी भंगारात दिला. पुतण्यानं गॅरेजात स्कॅनर बाहेर टेबलावर ठेवलाय आणि कुणी हसलं तर हसू देतो. एखादी गाडी आली की मी खुर्चीतून ओरडतो, "आधी चालवणाऱ्याला विचार." पुतण्याला त्याचा कंटाळा आलाय. सापडलं नाही तर "सापडलं नाही" म्हणायला मी त्याला शिकवलं. दोन-चार गिऱ्हाइकं त्यामुळं पुढच्या चौकात गेली, जाऊ देत.

प्रल्हाद रोज सकाळी शेजारच्या पंपावर गाडी लावतो. सोबत लॅबची टेक्निशियन सविता असते. तो उतरतो, किल्ली तिच्या हातात देतो आणि चालत माझ्या लिंबाकडं येऊन पंपाकडं पाठ करून उभा राहतो. मॅडमनी किती वेळा समजावलं, मीही सांगून बघितलं. तो हसतो, "राहू द्या मिस्त्री," म्हणतो. माझ्यावर त्याचा राग नाही, कधी चहाही घेतो. पण पंपाकडं पाठ केली की त्याचं तोंड नेमकं माझ्या खुर्चीकडं येतं. सविता "काका, झालं," अशी हाक मारेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं बघत असतो.